बुरशीवर चालणारे सूक्ष्मजैविक इंधन घट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पर्यावरण अभियांत्रिकीचे विद्यार्थी, सांडपाणी प्रक्रिया केंद्रांवर काम करणारे तंत्रज्ञ आणि या विषयाबद्दल कुतूहल असणारे वाचक यांच्याकडून येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. आमचे मत सुरुवातीलाच सांगतो : या घटांमध्ये बुरशीचे खरे मोल सांडपाण्यातील हट्टी पदार्थ तोडण्यात आहे आणि तिची योग्य जागा बहुतेक वेळा कॅथोडच्या, म्हणजे ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन मिळतात त्या विद्युतअग्राच्या (इलेक्ट्रोडच्या), बाजूला आहे. वीज हा त्या कामातून मिळणारा, सध्या तरी लहानसा, जोडलाभ आहे.

सूक्ष्मजैविक इंधन घट म्हणजे काय?

सूक्ष्मजीव सेंद्रिय पदार्थांचे विघटन करतात तेव्हा त्या पदार्थांमधील इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि सामान्यतः श्वसनाच्या शेवटी ऑक्सिजनला मिळतात. इंधन घटात हा व्यवहार दोन ठिकाणी विभागला जातो. ॲनोडच्या कप्प्यात ऑक्सिजन नसतो; तेथे सूक्ष्मजीव सांडपाण्यातील सेंद्रिय पदार्थ खातात आणि इलेक्ट्रॉन विद्युतअग्राला देतात. हे इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून कॅथोडकडे जातात, प्रोटॉन आतल्या पडद्यातून तिकडे पोहोचतात, आणि कॅथोडवर ऑक्सिजनशी संयोग होऊन पाणी तयार होते. पेशीतील एनएडीएच या वाहक रेणूचे विभव, म्हणजे इलेक्ट्रॉन ओढून घेण्याची विद्युत पातळी, सुमारे उणे 0.32 व्होल्ट आणि उदासीन पाण्यात ऑक्सिजनचे अधिक 0.82 व्होल्ट असल्यामुळे एका घटाची सैद्धांतिक मर्यादा साधारण 1.1 व्होल्ट येते. प्रत्यक्ष भार जोडल्यावर 0.3 ते 0.5 व्होल्ट मिळाले तरी घट चांगला चालला असे मानतात.

बुरशी वापरण्याची कल्पना नवी आहे का?

नाही. इंग्लंडमधील डरहॅम विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ एम. सी. पॉटर यांनी 1911 मध्ये सूक्ष्मजीवांपासून वीज मिळते हे प्रथम दाखवले. त्यांच्या प्रयोगांत एश्चेरिशिया कोलाय या जीवाणूबरोबर सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, म्हणजे पावासाठी आणि मद्यासाठी वापरले जाणारे यीस्ट, होते. आणि यीस्ट ही एकपेशीय बुरशीच आहे. म्हणजे या शाखेच्या पहिल्या पानावरच बुरशी आहे. पुढे 1990 च्या दशकाच्या अखेरीस दक्षिण कोरियात शेवानेला, आणि नंतर अमेरिकेत जिओबॅक्टर, हे जीवाणू कोणत्याही बाहेरच्या रसायनाशिवाय विद्युतअग्राला इलेक्ट्रॉन देतात हे सिद्ध झाले, आणि संशोधनाचा सारा ओघ जीवाणूंकडे वळला.

जीवाणूंनी काम होत असताना बुरशी कशासाठी?

कारण जीवाणूंना सगळेच खाता येत नाही. ॲसिटेट, ग्लुकोज, स्टार्च असे सोपे अन्न ते झपाट्याने संपवतात. परंतु ॲझो रंग, डिस्टिलरीच्या पाण्याचा तपकिरी रंग, कागद कारखान्यातील लिग्निनचे अंश किंवा डायक्लोफेनॅकसारखी औषधे यांच्यापाशी त्यांचे काम अडते किंवा अर्धवट राहते. लाकडातील लिग्निन खऱ्या अर्थाने पचवू शकणारा सजीवांचा प्रमुख गट म्हणजे पांढरी कूज घडवणाऱ्या बुरशी. लिग्निनची रचना इतकी अनियमित असते की ते तोडणारी विकरे, म्हणजे एंझाइम, एखाद्या ठरावीक रेणूपुरती मर्यादित राहिली असती तर उपयोगी पडली नसती. म्हणून ही विकरे पेशीबाहेर स्रवतात आणि समोर येईल त्या बऱ्याचशा वलयी रेणूंवर हल्ला करतात. मानवनिर्मित रंग आणि औषधे त्यांच्या तावडीत सापडतात ती यामुळेच.

दुसरे कारण आम्लतेचे आहे. अनेक औद्योगिक सांडपाण्यांचा सामू (पीएच) 4 ते 5 असतो. वीज देणारे जीवाणू तेथे मंदावतात आणि बुरशी मात्र खुशीत वाढते.

यीस्टच्या पेशीतून इलेक्ट्रॉन बाहेर कसे येतात?

अवघड वाटेने येतात, आणि यीस्टच्या ॲनोडची कामगिरी माफक राहते ती म्हणूनच. जीवाणूमध्ये श्वसनाची इलेक्ट्रॉन साखळी पेशीच्या सीमेवरील पटलातच बसलेली असते. तेथून बाहेर पोहोचण्यासाठी जिओबॅक्टरसारख्या जीवाणूंकडे सायटोक्रोम प्रथिनांची खास व्यवस्था असते. यीस्टमध्ये ही साखळी तंतुकणिकेच्या (मायटोकॉन्ड्रियाच्या) आतल्या पटलात असते. तिच्याबाहेर तंतुकणिकेचे दुसरे पटल, मग पेशीद्रव, मग पेशीपटल आणि त्याही बाहेर ग्लुकन, मॅननयुक्त प्रथिने आणि थोड्या कायटिनची जाड भिंत. इतके अडसर ओलांडून इलेक्ट्रॉन आपणहून विद्युतअग्रापर्यंत येण्याची शक्यता कमीच असते. तरीही यीस्टच्या पेशीपटलात लोहाचे क्षपण करणारी, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन देणारी, काही विकरे असतात आणि त्यांच्यामार्फत थोडे इलेक्ट्रॉन बाहेर दिले जातात. तमिळनाडूतील कराईकुडी येथील केंद्रीय विद्युत-रासायनिक संशोधन संस्थेतील संशोधकांनी 2007 मध्ये हॅन्सेन्युला ॲनोमाला या यीस्टच्या बाबतीत इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या मध्यस्थ रसायनाशिवाय थेट इलेक्ट्रॉन देण्याघेण्याचा घट मांडला होता.

आणखी एक हिशेब बऱ्याच प्रकल्प अहवालांत सुटलेला दिसतो. ग्लुकोजच्या एका रेणूचे पूर्ण ज्वलन झाले तर 24 इलेक्ट्रॉन मिळायला हवेत. त्याच ग्लुकोजचे किण्वन होऊन इथेनॉलचे दोन रेणू तयार झाले, तर त्या इथेनॉलमध्येही 24 इलेक्ट्रॉन शिल्लक असतात. म्हणजे नुसत्या किण्वनातून विद्युतअग्रासाठी निव्वळ काहीच उरत नाही. साखरेच्या विघटनाच्या पहिल्या टप्प्यातील एनएडीएचचे इलेक्ट्रॉन वाटेतच काढून घेतले, तरी हाती लागतात ते 24 पैकी 4. सॅकरोमायसिसला साखर भरपूर मिळाली की ते ऑक्सिजन असतानाही किण्वनच पसंत करते, त्यामुळे ॲनोडला साखर वाढवून दिल्यावर वीज वाढण्याऐवजी द्रावणाला दारूचा वास येऊ लागतो.

मध्यस्थ रसायन घालून हा प्रश्न सुटत नाही का?

प्रयोगशाळेत सुटतो. मेथिलीन ब्लू, न्यूट्रल रेड किंवा थायोनिन यांचे लहान रेणू पेशीत शिरतात, इलेक्ट्रॉन घेतात आणि विद्युतअग्रावर सोडतात. परंतु सांडपाणी सतत वाहत असते. त्याबरोबर हे रसायनही वाहून जाते, ते पुन्हा पुन्हा घालावे लागते आणि शुद्ध करायच्या पाण्यात आपणच नवा रंग मिसळतो. सांडपाणी प्रक्रियेसाठी ही वाट आम्हाला व्यवहार्य वाटत नाही.

मग कॅथोडवर बुरशी काय करते?

बुरशीची खरी ताकद येथे दिसते. कॅथोडवर ऑक्सिजनला चार इलेक्ट्रॉन देऊन त्याचे पाणी करायचे असते. साध्या कार्बनवर ही अभिक्रिया अतिशय मंद होते आणि बरेचदा अर्ध्या वाटेवर थांबून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. प्लॅटिनम लावले तर ती वेगाने होते, पण सांडपाण्यासाठी प्लॅटिनम वापरणे कोणालाही परवडणारे नाही; शिवाय सांडपाण्यातील सल्फाइडमुळे ते लवकर निकामी होते.

ट्रॅमेटिस व्हर्सिकलरसारख्या बुरशी लॅकेज नावाचे विकर स्रवतात. हे विकर प्रथम 1883 मध्ये जपानी लाखेच्या झाडाच्या चिकात आढळले आणि 1890 च्या दशकात बुरशीतही सापडले. त्याच्या रेणूत तांब्याचे चार अणू असतात. त्यांपैकी पृष्ठभागाजवळचा एक अणू एकेक करून इलेक्ट्रॉन घेतो, आणि आतल्या तीन अणूंच्या पुंजक्यावर ऑक्सिजनचा रेणू चार इलेक्ट्रॉन घेऊन थेट पाण्यात रूपांतरित होतो. ट्रॅमेटिसच्या लॅकेजमधील पहिल्या तांब्याचे विभव सुमारे 0.78 व्होल्ट आहे. सामू 5 असताना ऑक्सिजनचे विभव 0.93 व्होल्टच्या आसपास असते. प्लॅटिनमची गरज नसताना इतक्या कमी नुकसानीत ऑक्सिजनचे क्षपण होणे ही फार मोठी गोष्ट आहे.

लॅकेजला इलेक्ट्रॉन दोन ठिकाणांहून मिळू शकतात : कॅथोडकडून किंवा पाण्यातील रंगाच्या रेणूंकडून. पहिल्या मार्गाने वीज वाहते, दुसऱ्या मार्गाने रंगाचे ऑक्सिडीकरण होते. हे दोन्ही व्यवहार एकाच विकरावर चालत असल्यामुळे त्यांच्यात काही प्रमाणात स्पर्धा असते. एकाच कप्प्यात विजेचाही उच्चांक आणि रंग घालवण्याचाही उच्चांक मिळाल्याचा दावा वाचनात आला, तर मोजमाप कसे केले ते आधी पाहावे.

विकत आणलेले लॅकेज लावले तर जिवंत बुरशीची गरज काय?

विकत आणलेले विकर पहिल्या दिवशी अधिक चांगले चालते. पण ते जिवंत नसल्यामुळे झिजते, धुपते आणि पुन्हा भरून येत नाही. बुरशी कॅथोडवर किंवा त्याच्या शेजारी वाढत असेल तर विकराचा पुरवठा चालू राहतो. त्या बदल्यात तिला थोडे अन्न आणि हवा द्यावी लागते. धिंगरी अळिंबीचे उत्पादन घेतल्यानंतर उरलेल्या काडात लॅकेज शिल्लक असते आणि ते पाण्यात उतरवता येते. महाराष्ट्रात धिंगरीची लागवड करणारे अनेक उत्पादक हे काड खतात टाकतात, तेव्हा विकराचा हा स्वस्त स्रोत प्रयोगांसाठी अवश्य तपासून पाहावा.

कोणत्या जाती वापरतात?

ॲनोडसाठी सॅकरोमायसिस, कँडिडा आणि अर्क्सुला या वंशांतील यीस्ट. कॅथोडसाठी ट्रॅमेटिस, गॅनोडर्मा आणि प्लुरोटस, म्हणजे धिंगरी. फॅनेरोकीटी क्रायसोस्पोरियम ही बुरशी लिग्निनच्या अभ्यासात सर्वांत प्रसिद्ध असली, तरी तिचा भर लॅकेजवर नसून पेरॉक्सिडेज विकरांवर असतो, आणि त्यांना हायड्रोजन पेरॉक्साइड लागते. केवळ नाव ऐकून ती लॅकेजच्या कॅथोडसाठी निवडू नये. मात्र साध्या कार्बनच्या कॅथोडवर नको असताना तयार होणारे पेरॉक्साइड तिच्या कामी येऊ शकते, आणि ही जोडी अभ्यासण्याजोगी आहे.

वीज किती मिळते?

याचा अंदाज कागदावरही काढता येतो. सांडपाण्याची ताकद सीओडीने, म्हणजे रासायनिक ऑक्सिजन मागणीने, मोजतात. 8 ग्रॅम ऑक्सिजन म्हणजे एक मोल इलेक्ट्रॉन. म्हणून 1 किलो सीओडीमध्ये 125 मोल इलेक्ट्रॉन, म्हणजेच सुमारे 3,350 अँपिअर-तास इतका विद्युतभार असतो. घट 0.3 व्होल्टवर चालला आणि प्रत्येक इलेक्ट्रॉन तारेतून गेला, तर 1 युनिट वीज मिळेल. प्रत्यक्षात बरेचसे इलेक्ट्रॉन नव्या पेशी घडवण्यात, मिथेन तयार होण्यात किंवा पडद्यातून झिरपलेल्या ऑक्सिजनला मिळण्यात खर्च होतात. 30 टक्के इलेक्ट्रॉन हाती आले असे धरले तर उरते 0.3 युनिट. घरगुती सांडपाण्यात लिटरला 500 मिलिग्रॅम सीओडी असेल, तर एका घनमीटरमागे सुमारे 0.15 युनिट मिळेल. हवा फुंकून चालणाऱ्या नेहमीच्या प्रक्रियेला तेवढ्याच पाण्यासाठी साधारण 0.3 ते 0.6 युनिट खर्च येतो.

तुलना बायोगॅसशीही करावी लागते, आणि ती अनेकदा टाळली जाते. 1 किलो सीओडीपासून 0.35 घनमीटर मिथेन मिळू शकते; त्यात सुमारे 3.5 युनिट उष्णता असते आणि जनित्रातून 1 युनिटहून थोडी अधिक वीज निघते. त्यामुळे तीव्र सांडपाण्यापासून ऊर्जा मिळवणे हाच हेतू असेल, तर बायोगॅसचा टाका आजही सरस आहे. बचतीच्या बाजूने मात्र इंधन घटाचे एक बलस्थान आहे : ॲनोडच्या कप्प्यात हवा फुंकावी लागत नाही आणि गाळ कमी तयार होतो.

घट ओळीने जोडून व्होल्टेज वाढवता येते का?

येते. अमेरिकेत बार्नेट कोहेन यांनी 1931 मध्येच अनेक घट जोडून 35 व्होल्टपर्यंत मजल मारली होती; मिळणारा प्रवाह मात्र 2 मिलिअँपिअर होता. ओळीतील एखाद्या घटाचे अन्न संपले की इतर घट त्याच्यातून उलट्या दिशेने व्होल्टेज ढकलतात आणि त्यातील सूक्ष्मजीवांची हानी होते. म्हणून आता प्रत्येक घटाची ऊर्जा संधारित्रात (कपॅसिटरमध्ये) साठवून इलेक्ट्रॉनिक परिपथाने व्होल्टेज वाढवणे अधिक पसंत केले जाते.

इचलकरंजी किंवा सोलापूरसारख्या ठिकाणच्या कापड उद्योगाच्या रंगीत पाण्यासाठी हे उपयोगी आहे का?

तत्त्वतः आहे, पण थेट नाही. ॲझो रंगांमध्ये दोन नायट्रोजन अणूंमधील दुहेरी बंध रंगाला कारणीभूत असतो. ऑक्सिजनविरहित ॲनोडमध्ये हा बंध तुटतो आणि पाणी रंगहीन दिसू लागते. परंतु तुटल्यावर उरणारी ॲरोमॅटिक अमाइन संयुगे मूळ रंगापेक्षा अधिक घातक असू शकतात. तेच पाणी पुढे बुरशीच्या कॅथोडकडे नेले, तर लॅकेज त्यांतील बऱ्याच अमाइनांचे ऑक्सिडीकरण करते. आधी ॲनोड, मग कॅथोड ही क्रमवार मांडणी आम्हाला या विषयातील सर्वांत आश्वासक वाटते.

आता अडचण. रिॲक्टिव्ह रंगांनी सुती कापड रंगवताना मीठ आणि सोडा भरपूर वापरतात, त्यामुळे निघणारे पाणी खारट असते आणि त्याचा सामू 9 ते 11 पर्यंत चढतो. लॅकेजला सामू 3 ते 5 मानवतो आणि क्लोराइडमुळे त्याचे काम मंदावते. एकूणच हे पाणी बुरशीच्या आवडीनिवडीच्या नेमके उलट असते. सामू उतरवायला आम्ल लागते, मीठ काढायला पडदा लागतो, आणि दोन्हींचा खर्च धरल्याशिवाय पंचगंगेच्या प्रदूषणावर हा उपाय आहे असे म्हणणे घाईचे होईल. शुद्ध पाण्यात एकच रंग विरघळवून मिळवलेले, रंग घालवण्याचे 90 टक्क्यांचे आकडे कारखान्याच्या नाल्याला लागू होत नाहीत.

साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीतील स्पेंट वॉशचे काय?

हे पाणी बुरशीला बरेच अनुकूल आहे. मळीपासून अल्कोहोल काढल्यावर दर लिटर अल्कोहोलमागे साधारण 8 ते 15 लिटर स्पेंट वॉश उरते; त्याचा सामू 4 च्या आसपास आणि सीओडी लिटरला 1 लाख मिलिग्रॅमच्या घरात असते. वर्तमानपत्रांत ‘मळीमिश्रित पाणी’ सोडल्यामुळे नदीतील मासे मेल्याच्या बातम्या येतात, ते हेच पाणी. त्याचा गडद तपकिरी रंग मेलॅनॉइडिन संयुगांमुळे येतो. बायोगॅसच्या टाक्यात बहुतांश सीओडी संपते, हा रंग मात्र तसाच राहतो. ट्रॅमेटिस आणि ॲस्परजिलस या वंशांतील बुरशी तो फिका करू शकतात, पण पाणी पातळ करून आणि सहसा थोडी साखर जास्तीची पुरवूनच. म्हणून योग्य क्रम असा : आधी बायोगॅस, मग उरलेल्या रंगासाठी बुरशीचा कॅथोड. बायोगॅसनंतर पाण्याचा सामू वर जातो, हे आराखड्यात लक्षात घ्यावे.

घरगुती सांडपाण्यासाठी?

बुरशीची गरज नाही. तेथे जीवाणू पुरेसे आहेत आणि ते बुरशीला टिकूही देणार नाहीत.

उघड्या टाकीत बुरशी टिकते का?

हा या तंत्राचा सर्वांत कच्चा दुवा आहे. निर्जंतुक फ्लास्कमध्ये महिनाभर उत्तम वाढणारी बुरशी खऱ्या सांडपाण्यात काही दिवसांत जीवाणूंपुढे हार मानते, कारण जीवाणूंची संख्या काही तासांत दुप्पट होते. तीन उपाय केले जातात : सामू 4.5 च्या आसपास ठेवणे. नायट्रोजन कमी ठेवणे, कारण टंचाईत जीवाणू मागे पडतात आणि काही बुरशींची लिग्निन तोडणारी विकरे उलट वाढतात. आणि बुरशीला आधार देणे. आधारासाठी पॉलियुरेथेनचा फोम किंवा घोसाळ्याची वाळलेली जाळी चांगली चालते. आधार नसेल तर हवा खेळणाऱ्या द्रवात बुरशीच्या गोळ्या बनतात, किंवा तिचे तंतू नळ्या आणि पंप तुंबवतात.

पाण्याचा रंग गेला म्हणजे पाणी शुद्ध झाले का?

नाही. बुरशीची कायटिनयुक्त भिंत रंग आणि जड धातू शोषून घेते. अशा वेळी प्रदूषक नष्ट होत नाही. त्याची जागा तेवढी बदलते. मेलेल्या बुरशीवर तोच प्रयोग करून शोषण किती आणि विघटन किती हे वेगळे काढावे, आणि शेवटी विषारीपणाची चाचणी करावी.

दोन कप्प्यांमधील महागड्या पडद्याला पर्याय आहे का?

नॅफिऑन या प्रोटॉन जाऊ देणाऱ्या महाग पडद्याऐवजी भाजलेली माती चालते. खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांनी 2010 मध्ये भात गिरणीच्या सांडपाण्यावर मातीच्या भांड्याचा घट यशस्वीपणे वापरून दाखवला. बुरशीच्या कॅथोडसाठी मातीचा एक दोष संभवतो : दोन्ही बाजूंचे आयन सावकाश मिसळत राहतात, त्यामुळे ॲनोडचा सामू 7 आणि कॅथोडचा 4.5 असा फरक टिकवायला अधिक लक्ष द्यावे लागते.

बुरशीचा ‘थ्री-डी’ छपाईचा विजेरी घट खरा आहे का?

खरा आहे. स्वित्झर्लंडमधील एम्पा या संशोधन संस्थेने सेल्युलोजयुक्त शाईत जिवंत बुरशी मिसळून तो छापला. ॲनोडवर यीस्ट आणि कॅथोडवर ट्रॅमेटिस प्युबेसेन्स अशी त्यात विभागणी आहे, म्हणजे दोन्ही बाजूंना बुरशीच. व्होल्टेज 300 ते 600 मिलिव्होल्ट आणि प्रवाह मायक्रोअँपिअरमध्ये मोजण्याइतका. चार घट जोडल्यावर एक लहान संवेदक काही दिवस चालला. शेतातील किंवा जंगलातील नोंदी घेऊन नंतर मातीत मिसळून जाणाऱ्या उपकरणांसाठी त्याचा विचार होत आहे. सांडपाण्याशी त्याचा थेट संबंध नाही.

महाविद्यालयात हा प्रयोग करता येईल का?

बेकरीतील कोरडे यीस्ट, साखरेचे द्रावण, मेथिलीन ब्लूचे काही थेंब आणि ग्रॅफाइटची विद्युतअग्रे एवढ्यावर ॲनोड उभा राहतो. तांबे आणि जस्त यांच्या पट्ट्या वापरू नयेत. त्यांच्यावर मोठे व्होल्टेज दिसते, ते धातू झिजल्यामुळे. यीस्टचा त्यात काहीच वाटा नसतो, आणि विज्ञान प्रदर्शनांतील बरेच ‘यशस्वी’ घट याच प्रकारचे असतात. यीस्ट उकळून मारलेला एक घट तुलनेसाठी नेहमी शेजारी ठेवावा. नुसते खुल्या परिपथाचे व्होल्टेज नोंदवू नये. वेगवेगळे रोध (रेझिस्टर) जोडून प्रत्येक वेळी व्होल्टेज मोजावे आणि त्यावरून शक्ती काढावी.

बुरशीचे शुद्ध संवर्ध (कल्चर) कोठे मिळतात आणि कोणती काळजी घ्यावी?

पुण्यात दोन संग्रह आहेत : आघारकर संशोधन संस्थेतील राष्ट्रीय बुरशी संवर्ध संग्रह आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह. दोन्ही ठिकाणी संस्थेमार्फत रीतसर मागणी नोंदवावी लागते. पावावर किंवा भिंतीवर उगवलेली अनोळखी बुरशी घटात वापरू नये; ॲस्परजिलसच्या काही जातींचे बीजाणू फुप्फुसांना अपाय करतात, आणि कॅथोडमध्ये हवा फुंकताना ते खोलीभर पसरतात. हवा बाहेर पडणाऱ्या नळीला गाळणी लावावी. प्रयोग संपल्यावर बुरशी ऑटोक्लेव्हमध्ये निर्जीव करावी. तिने रंग किंवा धातू शोषले असतील तर ती कंपोस्टमध्ये न टाकता घातक कचऱ्यात द्यावी.